नवी रॅम बसवल्यावर संगणक बंद पडू लागल्यास दोष कसा शोधावा

संगणक मंद झाला म्हणून नवी रॅम (काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती) आणून बसवली, एक-दोन दिवस काम वेगाने झाले, आणि मग टॅलीत नोंद करता करता किंवा निमंत्रणपत्रिकेची मांडणी करता करता स्क्रीन निळी (विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्तींत काळी) झाली अथवा संगणक काही न सांगता पुन्हा सुरू झाला, असा अनुभव इंदूरमधील अनेक मराठी घरांना, दुकानांना आणि संस्थांच्या कार्यालयांना येतो. अशा वेळी काही जण ‘मधूनमधूनच होते, चालवून घेऊ’ असे म्हणून काम चालू ठेवतात, तर काही जण लगेच संगणक फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून घेतात. माझ्या मते हे दोन्ही मार्ग टाळले पाहिजेत, आणि त्यांतला पहिला तर खरोखर धोक्याचा आहे. दोष कोठे आहे हे घरच्या घरी, एक स्क्रूड्रायव्हर, एक पेन ड्राइव्ह आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर बहुतेक वेळा निश्चित सांगता येते. त्याची पद्धत येथे सविस्तर देत आहे.

आधी काम थांबवावे

संगणकातील प्रत्येक फाइल उघडताना, तिची प्रत काढताना आणि ती साठवताना रॅममधून जाते. रॅममधील एखादा सूक्ष्म कप्पा सदोष असेल तर एखादा आकडा बदलतो, एखाद्या छायाचित्राचा भाग बिघडतो किंवा संकुचित केलेली फाइल पुढे कधीच उघडत नाही, आणि हे सारे कोणतीही सूचना न देता घडते. निळी स्क्रीन हा त्या बिघाडाचा दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग हार्ड डिस्कवर जाऊन बसतो आणि महिन्यांनी, हिशेबतपासणीच्या वेळी, समोर येतो. म्हणून संशयित रॅम आत असताना त्या संगणकावर हिशेब लिहू नये, पुस्तकाची जुळणी करू नये, आणि विशेषतः पूर्वीच्या चांगल्या बॅकअपवर नवा बॅकअप घेऊ नये. घाबरून बॅकअप घेणे स्वाभाविक आहे, परंतु सदोष रॅममधून गेलेली प्रत चांगल्या प्रतीवर लिहिली गेली तर दोन्ही गमावण्याची वेळ येते.

विंडोज नव्याने टाकण्याबद्दलही हेच म्हणता येते. स्थापनेच्या हजारो फाइली त्याच रॅममधून डिस्कवर उतरतात, त्यामुळे रॅम सदोष असेल तर नवे विंडोज जन्मतःच बिघडलेले असते आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो. बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) अद्ययावत करणे तर त्याहून जोखमीचे आहे, कारण ते मध्येच अडकले तर मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य फलक) सुरू होणेच थांबू शकते. दुकानदाराने ‘पहले फॉर्मेट करके देखते हैं’ असे म्हटले तर रॅमची चाचणी होईपर्यंत नम्रपणे नकार द्यावा.

पहिली कृती म्हणजे नवी स्टिक (रॅमची पट्टी) काढून संगणक पूर्वीच्या स्थितीत आणणे. त्यासाठी संगणक नीट बंद करावा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते आणि ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीची काही स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. रॅम बदलल्यावर ती जुनी स्थिती पुन्हा उचलली गेल्यास अकारण गोंधळ होऊ शकतो. म्हणून शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ निवडावे, म्हणजे संगणक पूर्णपणे बंद होतो. त्यानंतर मागील बाजूचा एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या पेटीचा) स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, जेणेकरून आत साठलेली वीज निघून जाईल. लॅपटॉप असल्यास चार्जर काढावा, आणि बॅटरी काढता येण्याजोगी असल्यास तीही बाहेर काढावी. आतच बसवलेली असल्यास तिचा मदरबोर्डकडे जाणारा जोड सोडवल्याशिवाय रॅमला हात लावू नये.

आता केवळ जुन्या रॅमवर संगणक चालवून पाहावा. तो पूर्वीसारखा सुरळीत चालला तर शोध रॅम, तिचा स्लॉट (ती बसते ती जागा) आणि तिची गती एवढ्यापुरता मर्यादित होतो. जुन्या रॅमवरही बंद पडू लागला तर मात्र रॅम बसवताना हात लागून दुसरे काही हलले असण्याची शक्यता मोठी असते. मदरबोर्डला वीज देणारा रुंद २४ पिनांचा जोड, प्रोसेसरजवळचा लहान जोड, हार्ड डिस्कची साटा केबल आणि ग्राफिक्स कार्ड हे सर्व एकेक करून घट्ट दाबून पाहावे. प्रोसेसरवरील कूलरची एखादी कडी सुटली असेल तर संगणक तापून काही मिनिटांत बंद होतो, आणि त्याचा दोष विनाकारण रॅमवर येतो.

स्टिकवरचे लेबल वाचावे

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या आहेत. त्यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळे चुकीच्या पिढीची रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही. जी रॅम बसते परंतु जुळत नाही ती अधिक त्रासदायक असते, आणि तिची ओळख लेबलवरूनच पटते.

सर्वांत नेहमीची गल्लत डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात होते. दोन्ही दिसायला सारख्या असतात आणि एकाच स्लॉटमध्ये बसतात, परंतु पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ व्होल्टवर. डीडीआर३एल रॅम १.५ व्होल्टच्या जुन्या संगणकातही सहसा चालते, मात्र उलट होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे बहुतेक लॅपटॉप १.३५ व्होल्टचीच रॅम मागतात, आणि त्यांत साधी डीडीआर३ घातली तर ते एक तर सुरूच होत नाहीत किंवा अधूनमधून बंद पडतात. लेबलवर ‘पीसी३’ या अक्षरांनंतर ‘एल’ आहे की नाही एवढे पाहिले तरी हा प्रश्न सुटतो. डीडीआर४ ची रॅम मूळ १.२ व्होल्टची आणि डीडीआर५ ची १.१ व्होल्टची असते, तेव्हा त्या पिढ्यांत ही विशिष्ट गल्लत उद्भवत नाही.

लेबलवरील मोठा आकडा वेग सांगतो. ‘पीसी३-१२८००’ म्हणजे १६०० चा वेग, ‘पीसी४-२१३००’ म्हणजे २६६६ चा आणि ‘पीसी४-२५६००’ म्हणजे ३२०० चा. मोठ्या आकड्याला ८ ने भागले की ढोबळमानाने वेग निघतो. दोन वेगवेगळ्या वेगांच्या स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगावर चालाव्यात अशी योजना असते आणि बहुतेक मदरबोर्ड ती पाळतात. तथापि वेग सारखा असला तरी आतील चिप वेगळ्या, त्यांची रचना वेगळी आणि वेळेचे हिशेब वेगळे असू शकतात. लेबलवर ‘१आर’ किंवा ‘२आर’ असे लिहिलेले असते आणि त्यावरून स्टिकवरील चिपची रचना एका गटाची आहे की दोन गटांची हे कळते. जुनी आणि नवी स्टिक या बाबतीतही सारखी असेल तर जोडी जमण्याची शक्यता वाढते. ‘सेम स्पीड की है’ एवढ्या आश्वासनावर रॅम घेऊ नये. सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर खरेदीला जाताना जुन्या स्टिकच्या लेबलचे स्पष्ट छायाचित्र मोबाइलवर घेऊन जावे आणि ते समोर ठेवूनच नवी स्टिक निवडावी.

स्वस्त मिळणाऱ्या वापरलेल्या रॅमबद्दल एक इशारा आवश्यक आहे. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड प्रकारची रॅम घरगुती संगणकात चालत नाही. लेबलवर वेगाच्या पुढे येणाऱ्या अक्षरांत शेवटी ‘आर’ असेल तर ती घेऊ नये, कारण साध्या डेस्कटॉपसाठी ‘यू’ आणि लॅपटॉपसाठी ‘एस’ हे अक्षर अपेक्षित असते. त्याचप्रमाणे ‘केवळ एएमडीसाठी’ असे सांगून विकली जाणारी मोठ्या क्षमतेची डीडीआर३ इंटेलच्या मदरबोर्डवर बहुधा ओळखलीच जात नाही.

मदरबोर्डची मर्यादाही तपासावी. एच६१ या चिपसेटचे संगणक आजही अनेक दुकानांत कामावर आहेत आणि त्यांची एकूण मर्यादा १६ जीबी, म्हणजे प्रत्येक स्लॉटला ८ जीबी, इतकी आहे. विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीच्या पुढील रॅम त्याला वापरताच येत नाही. अशा ठिकाणी संगणक बंद पडत नाही, परंतु रॅम ‘कमी दिसते’ म्हणून ती सदोष ठरवली जाते आणि विनाकारण परत केली जाते.

बसवण्याची रीत, धूळ आणि अर्थिंग

माळव्यातील कोरड्या दिवसांत धूळ फार असते. उघड्या खिडकीजवळच्या कॅबिनेटमध्ये तिचा थर साचतो आणि पावसाळ्यात त्यालाच ओल धरते. रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये ही धूळ वर्षानुवर्षे बसलेली असते, आणि नवी स्टिक नेमकी त्याच स्लॉटमध्ये जाते. म्हणून ‘जुनी रॅम चांगली चालते, नवी चालत नाही’ एवढ्यावरून नव्या रॅमला दोषी धरणे घाईचे ठरते. स्लॉट आधी मऊ, कोरड्या ब्रशने आणि मग हवेच्या झोताने स्वच्छ करावा. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे बारीक थेंब आत जातात. स्टिकच्या सोनेरी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या सुती कापडाने पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. आपल्याकडे पिना खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे. जुन्या, काळवंडलेल्या पिनांवर तिचा उपयोग होतो हे खरे, पण खोडरबराचा कीस स्लॉटमध्ये पडला तर नवाच दोष निर्माण होतो आणि जोराने घासल्यास वरचा सोनेरी मुलामा झिजतो. नव्या स्टिकला खोडरबर लावण्याचे काहीच कारण नाही.

हाताळणीत स्थिर विजेचे भान ठेवावे. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून किंवा उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत गालिच्यावर बसून हे काम करू नये. माणसाला जाणवणारा झटका सुमारे ३००० व्होल्टच्या पुढचा असतो, मात्र चिपला त्याच्या कितीतरी कमी दाब इजा करू शकतो. अशी इजा झालेली रॅम तत्काळ मरतेच असे नाही आणि अनेकदा ती काही काळ चालून मग अधूनमधून चुकू लागते. स्टिक कडांनीच धरावी, आणि हात लावण्यापूर्वी प्लग काढलेल्या कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा.

डेस्कटॉपमध्ये स्टिक बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा आणि बाजूच्या कड्या आपोआप ‘खट’ असा आवाज करून बसल्या पाहिजेत. काही मदरबोर्डवर एकाच टोकाला कडी असते. अशा ठिकाणी दुसरे टोक वर राहून गेल्याचे लक्षात येत नाही, आणि अर्धवट बसलेली स्टिक संगणकाला थोडासा धक्का लागला तरी संपर्क सोडते. लॅपटॉपमध्ये स्टिक तिरपी सरकवून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत न्यावी आणि मगच खाली दाबावी. चार स्लॉट असतील आणि स्टिक दोनच असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून मोजलेला दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. त्यांची नावे सामान्यतः ए२ आणि बी२ अशी छापलेली असतात. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये लावलेली जोडी अनेक संगणकांत मंद चालते, आणि वेगवान रॅम असेल तर अस्थिरही होते.

अर्थिंगचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणी विचारातच घेत नाही. जुन्या वस्तीतील काही घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्याच्या तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसते. अशा घरात संगणक चालू असताना कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखे वाटते, कारण एसएमपीएसमधील फिल्टरच्या मार्गाने थोडी वीज धातूच्या पेटीवर येते आणि तिला जमिनीकडे जाण्याची वाट मिळत नाही. असे जाणवत असेल तर रॅमचा विचार बाजूला ठेवून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. हा प्रश्न संगणकाच्या स्थैर्याचा तर आहेच, शिवाय घरातील माणसांच्या सुरक्षिततेचाही आहे.

‘नवी रॅम लावल्याने एसएमपीएसवर भार आला’ असेही पुष्कळदा सांगितले जाते. डीडीआर४ ची एक स्टिक साधारणतः तीन ते पाच वॅट इतकीच वीज घेते, त्यामुळे ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसला त्याने काही फरक पडत नाही. एसएमपीएस आधीच खिळखिळा झाला असेल तर गोष्ट निराळी, परंतु केवळ रॅम वाढवली या कारणासाठी तो बदलण्याचा खर्च करू नये.

बायोसमधील वेग

नव्या रॅमच्या खोक्यावर ३६०० किंवा ६००० असा वेग ठळकपणे छापलेला असतो. तो वेग रॅमला आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये जाऊन एक तयार प्रोफाइल चालू करावे लागते. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात आणि एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी आणलेल्या पद्धतीला एक्स्पो. हे प्रोफाइल म्हणजे प्रमाणित वेगाच्या पलीकडचा वेग असतो, आणि प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक व मदरबोर्ड हे दोन्ही तो वेग पेलतीलच अशी हमी नसते. म्हणून रॅम बदलल्यावर संगणक बंद पडत असेल तर सर्वप्रथम हे प्रोफाइल बंद करून रॅम तिच्या प्रमाणित वेगावर चालवावी. डीडीआर४ साठी हा वेग २१३३ पासून ३२०० पर्यंत असतो, आणि डीडीआर५ साठी बहुतेक वेळा ४८०० पासून सुरू होतो. तेथे सर्व स्थिर झाले तर रॅम सदोष नाही, तिच्याकडून जास्त मागितले जात होते एवढाच अर्थ होतो. मग वेग एकेका पायरीने वाढवून जेथे संगणक स्थिर राहतो तेथे थांबावे. रॅमला स्टिकवर छापलेल्यापेक्षा अधिक व्होल्टेज देऊन वेग टिकवण्याचा प्रयत्न करू नये. रोजच्या कामात वेगाच्या एका पायरीचा फरक जाणवतही नाही.

चारही स्लॉट भरलेले असतील तर मेमरी नियंत्रकावरील ताण वाढतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन गटांच्या चार स्टिक लावल्यास कंपनीने मान्य केलेला वेग केवळ ३६०० आहे, तेव्हा अशा ठिकाणी ६००० ची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. पुढे रॅम वाढवायची शक्यता असेल तर सुरुवातीलाच मोठ्या क्षमतेच्या दोन स्टिकची एकत्र विकली जाणारी जोडी घ्यावी.

डीडीआर५ च्या संगणकाबाबत एक सूचना येथेच देतो. रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड तिची जुळवणी करून घेतो आणि त्या वेळी स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. ‘चालू होत नाही’ असे समजून मध्येच वीज बंद केली तर ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

बायोसची सर्व मांडणी पुसायची असेल तर मदरबोर्डवरील गोल नाण्यासारखी सेल काही मिनिटे काढून ठेवतात किंवा त्यासाठीचा जंपर वापरतात. त्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर पुसल्यानंतर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू शकते, म्हणून ती आधीच कागदावर लिहून घ्यावी. दुसरे असे की बायोसमधील साटाची (डिस्क जोडण्याची) पद्धत पूर्वी कोणती होती याचे छायाचित्र घ्यावे, कारण पुसल्यानंतर ती बदलली गेली तर विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते आणि त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असते. हा दोष रॅमचा नसतो, पद्धत पूर्वीसारखी केली की तो जातो.

चाचणी

येथपर्यंतच्या तपासणीत काही सापडले नसेल तर चाचणीला पर्याय नाही, आणि ती घाईने करू नये. विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ नावाचे साधन आहे. स्टार्टमध्ये हे नाव शोधून ते चालवल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो आणि तपासणी होते. चालू असताना एफ१ कळ दाबून ‘एक्स्टेंडेड’ हा विस्तृत प्रकार निवडता येतो. निकाल लगेच न दिसल्यास इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम या भागात ‘मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स’ ही नोंद पाहावी. या साधनाने दोष दाखवला तर तो खरा मानावा, परंतु दोष नाही असे म्हटले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण अनेक सूक्ष्म दोष त्याच्या हातून निसटतात.

अधिक कसून तपासणीसाठी मेमटेस्ट८६ वापरावे. ते पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करतात, त्यामुळे विंडोजचा संबंधच येत नाही. पेन ड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी संगणकावर तयार करावा. विनामूल्य आवृत्तीत तपासणीच्या चार फेऱ्या होतात आणि १६ जीबी रॅम असल्यास त्यांना कित्येक तास लागतात, म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर लावून सकाळी पाहणे सोयीचे जाते. एकही चूक दिसली तरी ती रॅम तशी वापरण्यायोग्य नाही. ‘केवळ दोनच चुका आहेत’ हा दिलासा येथे लागू होत नाही. याला एक अपवाद आहे. मेमटेस्ट८६ मधील तेरावी चाचणी रॅमच्या एकाच ओळीवर सतत आघात करून शेजारच्या ओळी बिघडतात का हे पाहते, आणि केवळ त्याच चाचणीत चूक आली तर नेहमीच्या वापरात अडचण येईलच असे नाही.

तापमानाचा विचार करून चाचणीची वेळ ठरवावी. इंदूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला संगणक आतून त्याहून खूप तापतो. काही रॅम थंड असताना निर्दोष ठरतात आणि तापल्यावर चुकतात. संगणक दुपारीच बंद पडत असेल तर चाचणीही दुपारी, त्याच जागी, कॅबिनेट बंद करून घ्यावी. दुकानातील वातानुकूलित खोलीत उघड्या टेबलावर घेतलेल्या चाचणीचा अशा दोषाला उपयोग नाही.

आता चाचणीचा क्रम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक निकाल वहीत लिहावा. प्रथम नवी स्टिक एकटी, ज्या स्लॉटमध्ये जुनी स्टिक चांगली चालत होती त्या स्लॉटमध्ये घालून तपासावी. येथे चुका आल्या तर स्टिक सदोष आहे आणि पुढील तपासणीची गरज उरत नाही. चुका आल्या नाहीत तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घालावी, आणि आता चुका आल्यास संशय स्लॉटवर जातो. खात्रीसाठी जुनी स्टिकही त्या स्लॉटमध्ये घालून पाहावी. ती तेथे चुकली तर स्लॉट किंवा त्याच्याशी जोडलेला प्रोसेसरचा संपर्क बिघडलेला आहे. इंटेलच्या मदरबोर्डवर प्रोसेसरखालील एखादी नाजूक पिन वाकली असेल किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला असेल तरीही एका बाजूचे स्लॉट असे वागतात, म्हणून मदरबोर्ड टाकून देण्यापूर्वी जाणकाराकडून कूलर काढून पाहून घ्यावे.

राहिली ती सर्वांत फसवी स्थिती, म्हणजे दोन्ही स्टिक एकेकट्या निर्दोष ठरतात, दोन्ही स्लॉट निर्दोष ठरतात, आणि एकत्र लावल्यावर मात्र चुका येतात. ग्राहक आणि दुकानदार यांच्यातील बहुतेक वाद येथेच होतात, कारण दुकानात नवी स्टिक एकटी तपासली जाते आणि ती निर्दोष दिसते. स्वभाव न जुळणाऱ्या दोन गुणी बैलांना एका जुवाखाली जुंपावे तसा हा प्रकार असतो, दोष कोणा एकाचा नसतो. अशा वेळी दोन्हींचा वेग बायोसमधून एक-दोन पायऱ्या उतरवावा आणि पुन्हा तपासावे. पुष्कळ जोड्या ३२०० ऐवजी २९३३ किंवा २६६६ वर विनातक्रार चालतात. जुनी रॅम वापरूनच बायोसची नवी आवृत्ती टाकावी, संगणक यूपीएसवर ठेवून, कारण नव्या आवृत्तींत रॅमशी जुळवून घेण्याच्या सुधारणा अनेकदा असतात. एवढे करूनही जमले नाही तर नवी स्टिक बदलून जुन्या स्टिकशी मिळतीजुळती घ्यावी, किंवा जुनी काढून सारख्या दोन स्टिकची जोडी घ्यावी. दुकानदाराला ‘रॅम खराब दिली’ असे न म्हणता ‘एकत्र लावल्यावर चुका येतात’ असे सांगून वहीतील निकाल व स्क्रीनची छायाचित्रे दाखवावीत. माझा विश्वास आहे की अशी नीट नोंद समोर ठेवली तर बोलणे सोपे होते.

निळ्या स्क्रीनवरील मजकूर

निळ्या स्क्रीनवर खाली जे शब्द येतात त्यांचे छायाचित्र प्रत्येक वेळी घ्यावे. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ हे शब्द रॅमकडे बोट दाखवतात, पण ते सदोष ड्रायव्हरमुळेही (संगणकाचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळेही) येऊ शकतात. एकट्या संदेशावरून निर्णय घेण्यापेक्षा सर्व संदेशांत काही समान धागा आहे का हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. दर वेळी वेगळा संदेश, वेगळ्या ड्रायव्हरचे नाव आणि वेगळ्या कामाच्या वेळी बंद पडणे हे रॅमचे लक्षण आहे, तर दर वेळी तोच संदेश व तोच ड्रायव्हर असेल तर रॅम सोडून त्या ड्रायव्हरकडे वळावे. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेकांना वीजपुरवठ्याचा दोष सापडल्यासारखे वाटते. ती नोंद केवळ संगणक अनपेक्षितपणे बंद झाला होता एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

दोष सापडल्यानंतर

नवी स्टिक सदोष ठरली तर तिच्यावरील लेबल काढू नये, कारण हमीसाठी त्यावरील क्रमांक लागतो. रॅमला बहुतेक नामांकित कंपन्यांची हमी अनेक वर्षांची असते, तेव्हा पक्के बिल घेणे आणि ते जपणे लाभाचे आहे. दुकानदाराने दाद दिली नाही तर कंपनीच्या सेवा केंद्राकडे थेट दावा करता येतो, आणि त्यानेही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

मधल्या काळात सदोष रॅमवर संगणक चालला असल्यास विंडोजच्या फाइली तपासून घ्याव्यात. रॅमची चाचणी निर्दोष ठरल्यानंतरच, आधी नाही, कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. ती प्रणालीच्या बिघडलेल्या फाइली शोधून बदलते. डिस्कसाठी ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ या भागातून चूक-तपासणी चालवावी. आपल्या स्वतःच्या फाइली मात्र कोणतेही साधन दुरुस्त करू शकत नाही. नवी रॅम बसवल्याच्या तारखेपासून पुढे साठवलेल्या सर्व फाइली तारखेनुसार लावून उघडून पाहाव्यात, टॅलीतील त्या दिवसांच्या नोंदी मूळ पावत्यांशी ताडून पाहाव्यात, आणि शंका असेल तेथे त्या तारखेपूर्वीच्या बॅकअपमधील प्रत परत घ्यावी.

बदलून आलेली स्टिकही तपासल्याशिवाय कामाला लावू नये. तिच्यावरही चार फेऱ्यांची तीच चाचणी, आधी एकटीची आणि मग जुन्या स्टिकसह, पूर्ण करावी आणि त्यानंतरच कॅबिनेटचे झाकण लावावे.